दोन साधे, एक स्पेशल

“सीट का स्पेशल?”

तालुक्याच्या गावी एसटीतून उतरलं की रिक्षावाला हा प्रश्न आपल्या तोंडाकडे न बघता हातातल्या पिशवीकडे बघून विचारतो. पिशवीवर पुण्याच्या साडीच्या दुकानाचं नाव असेल तर प्रश्न निम्माच येतो : “स्पेशल ना?” सीट म्हटलं तर पाच डोकी जमेपर्यंत उन्हात थांबायचं. पाचवं डोकं बहुतेक आपलंच, आणि त्याची जागा ड्रायव्हरच्या शेजारी, एक मांडी आत आणि दुसरी गावच्या हवाली. स्पेशल म्हटलं की रिक्षा लगेच सुटते. मागे आपण, शेजारी पिशवी, आणि पाय ठेवायच्या जागी चक्क पाय.

रिक्षाच्या परवान्यात प्रवासी तीनच लिहिलेले असतात. म्हणजे त्या स्टँडवर नियमाला धरून धावणारी रिक्षा कुठली, तर स्पेशल. सरकारने साधी म्हणून ठरवून दिलेली रिक्षा आपण जादा पैसे मोजून मिळवतो आणि वर घरी गेल्यावर मोठेपणाने सांगतो, “वेळ मोडायला नको म्हणून स्पेशल केली.” हे ‘स्पेशल करणं’ मराठीने स्वतःच्या हिकमतीवर तयार केलं आहे. सातारा-कोल्हापूरकडे वडापात कोंबून घ्यायचं नसेल तर माणसं ‘ट्रॅक्स स्पेशल करून’ जोतिबाला जाऊन येतात. मूळ इंग्रजाला हे वाक्य ऐकवलं तर आपल्याच शब्दाला तो ओळख देणार नाही.

माझा या शब्दाविषयीचा संशय तिथूनच सुरू झाला. आपल्याकडे स्पेशल म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा मूळचं साधंच असतं. मधल्या काळात कधीतरी ते हातचं गेलेलं असतं, एवढंच.

चहाचं घ्या. टपरीवर ऑर्डर जाते, “दोन साधे, एक स्पेशल.” त्यात चहा हा शब्दच नाही. विशेषण ज्याच्या जिवावर जगतं ते विशेष्य, असं शाळेत घोकून घेतलं होतं; इथे विशेष्य कधीच वाफेवर गेलं आणि विशेषण एकटं गल्ल्यावर बसलं. (मुंबईने ‘लोकल’चंही असंच केलं. तिथे लोकल धावते, लोकल चुकते, लोकल खोळंबते. त्यामागे कधीकाळी ट्रेन असा शब्द जोडलेला होता हे सांगावं लागतं.) एका टपरीवाल्याला मी विचारलं, “स्पेशलमध्ये वेगळं काय घालता हो?” तो म्हणाला, “वेगळं काय नाय. दुधाचा असतो.”

मग साधा कशाचा असतो, हे मी विचारलं नाही. पुढ्यात साधाच होता.

पण स्पेशल होताना पाहण्यासारखा असतो. मोठ्या पातेल्यात सकाळपासून उकळत पडलेल्या काळ्याभोर ऐवजाला हात न लावता तो एक लहान पातेलं दुसऱ्या बर्नरवर चढवतो. दूध ओततो, पाण्याचा नुसता शिपका. आल्याचा तुकडा बत्त्याने ठेचून हाताच्या तळव्यावरूनच आत ढकलतो, वेलची सालीसकट. चहा वर येतो, तो पातेलं उचलतो, खाली बसतो, पुन्हा टेकवतो. असं दोनतीनदा झाल्यावर गाळणीतून ग्लासात. ही सगळी कृती आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी होत असे आणि तिला चहा टाकणं म्हणत.

शब्दाचं मूळ शोधायला गेलं तर तेही स्वयंपाकघराच्या दिशेनेच निघतं. लॅटिनमध्ये ‘स्पेसिएस’ म्हणजे दिसणं, रूप, आणि त्यावरून जात किंवा प्रकार. ठरावीक प्रकाराचं ते स्पेशल. पण तोच ‘स्पेसिएस’ पुढे व्यापाऱ्यांच्या हाती लागला, त्यांनी तो मालाच्या निरनिराळ्या जिनसांना लावला, आणि फ्रेंचांच्या वाटेने इंग्रजीत पोचेपर्यंत त्या जिनसांतल्या मिरी-दालचिनीचा ‘स्पाइस’ झाला. म्हणजे स्पेशल आणि मसाला ही सख्खी भावंडं. उपाहारगृहाच्या पाटीवर ‘स्पेशल मसाला’ असं लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण त्याने दोघांना शेजारी बसवलं ते बरंच केलं. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे पाहणे या अर्थाचा धातू. रिस्पेक्ट, सस्पेक्ट आणि इन्स्पेक्टर हे त्याचेच वंशज, आणि एकाच पोलीसचौकीत ते तिघेही नांदताना मी पाहिले आहेत.

आपला ‘विशेष’ या पाहुण्याहून जुना आणि जास्त मुरलेला. वैशेषिक दर्शनाचं नावच त्याच्यावरून पडलं. कणादाच्या परंपरेत प्रश्न असा होता की एकाच जातीचे दोन अणू हुबेहूब सारखे असतील तर हा हाच आणि तो तोच हे ठरवायचं कशावरून? त्यांनी उत्तर दिलं, प्रत्येकात एक विशेष असतो. आता जे तत्त्व अणूअणूत आहे ते स्पेशल कसं म्हणायचं, असं टपरीवाला विचारील. पण दर्शनकारांना गिऱ्हाइकाची काळजी नव्हती. शब्दाच्या पोटात ‘शेष’ आहे हेही लक्षात ठेवण्याजोगं. उपाहारगृहाच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं ‘आजचे विशेष’ वाचताना मला तो शेष हटकून आठवतो, विशेषतः सोमवारी सकाळी.

आपण मराठी माणसांनी मात्र या शब्दाला नम्रतेच्या कामाला लावलं. पत्राचा मायना बघा. ‘सा. न. वि. वि.’ यातले शेवटचे दोन ‘वि’ म्हणजे विनंती विशेष. साष्टांग नमस्कार घालून झाला, आता विशेष ते ऐका. आणि पुढे विशेष काय, तर आपले पत्र पोचले, इकडे पाऊस बरा आहे, म्हैस अजून व्याली नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पोस्टकार्डाच्या माथ्यावर विशेष लिहिलं आणि खाली साधंच लिहिलं, आणि वाचणाऱ्यालाही तेच हवं होतं.

तोंडी व्यवहारात ‘काय विशेष?’ हा प्रश्न रस्त्यात भेटणाऱ्याने विचारायचा असतो आणि ‘विशेष काही नाही’ हे उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर खरी बातमी येते. आमचे एक शेजारी “विशेष काही नाही” म्हणून भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि मग सांगतात की धाकटीचं ठरलं, मुलगा जर्मनीत असतो, जागा विकली, आणि गुडघ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. याच चार गोष्टी त्यांना “विशेष सांगायचं म्हणजे” अशी सुरुवात करून सांगायला लावल्या तर त्यांना घाम फुटेल.

ऑपरेशनवरून आठवलं. स्पेशल या शब्दाने आपल्याकडे सर्वांत मोठी झेप कुठे घेतली असेल तर रुग्णालयाच्या काउंटरवर. तिथे खोल्यांचे प्रकार असतात : जनरल, सेमी-स्पेशल, स्पेशल, आणि त्यावर डीलक्स. यातला सेमी-स्पेशल हा प्रकार ज्याने शोधला त्याच्या प्रतिभेला माझा नमस्कार. अर्धं विशेष! कणादालाही हे सुचलं नसतं.

आमच्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आजाराची चौकशी केली नाही. तिने मेडिक्लेम कितीचा आहे ते विचारलं. “तीन लाख? मग सेमी-स्पेशल बसेल तुम्हाला.” चपलेचा नंबर सांगावा तसं. त्या पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन हजारांपर्यंतच चालतं. मामींना वाटलं, वरचे पैसे आपण घालू आणि स्पेशल घेऊ. तर मुलीने समजावलं की असं नसतं. खोली मर्यादेबाहेरची घेतली तर वरचं भाडं खिशातून जातंच, शिवाय सर्जनच्या फीपासून थिएटरच्या आकारापर्यंत बऱ्याच रकमांना विमा कंपनी त्याच प्रमाणात कात्री लावते. कारण पुष्कळ ठिकाणी त्या रकमाही खोलीप्रमाणे बदलतात. हर्निया तोच, डॉक्टर तोच, टाके तेवढेच. पण स्पेशलमधल्या माणसाचा हर्निया महाग. मामा म्हणाले, “भूल दिल्यावर मी कुठल्या खोलीतला ते डॉक्टरला कोण सांगणार?” मुलगी हसली नाही. तिने हा विनोद रोज ऐकला असावा.

तर सेमी-स्पेशल. दोन खाटा, मधे छताच्या रुळावरून सरकणारा हिरवा पडदा, एक बाथरूम, एक टीव्ही. पडदा पूर्ण ओढला तरी खालून वीतभर उघडा राहतो, त्यामुळे पलीकडे किती पाहुणे आलेत हे चपलांवरून कळतं. पलीकडे मुतखडा होता. पहिल्या दिवशी दोन्ही घरं आपापल्या बाजूला कुजबुजत बोलत होती. संध्याकाळी मुतखड्याच्या बाजूला कुणीतरी म्हणालं की बँकेतली एफडी मोडावी लागणार, आणि आमच्या बाजूने मामा पडद्याला उद्देशून बोलले, “मोडू नका. तिच्यावर कर्ज मिळतं.” तिथून पडदा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची थालीपिठं आमच्याकडे आली, मामांना बंदी असल्यामुळे ती मी खाल्ली. रिमोटचं वेळापत्रक ठरलं. रात्री दोघांपैकी कोण जास्त घोरतं याची चर्चा नर्सच्या साक्षीने झाली.

घरी जायच्या दिवशी मी मामींना विचारलं, स्पेशल घेतली असती तर बरं झालं असतं का? त्या म्हणाल्या, “दार लागलं असतं रे. पण मग दिवसभर बोलायचं कुणाशी, यांच्याशी?” स्पेशलचा सगळा मोठेपणा एका लागणाऱ्या दारात असतो, हे मात्र त्यांनी बरोबर हेरलं होतं. आजारी माणसाला दार लागणारी खोली मिळावी, यात खरं तर खास काय आहे?

रेल्वेने तर या शब्दाचा सरकारी खजिना केला. गणपतीत कोकणात जायला एसटी सोडते त्या ‘जादा गाड्या’ आणि रेल्वे सोडते त्या ‘विशेष गाड्या’. एसटीचा शब्द प्रामाणिक आहे. गर्दी जास्त, म्हणून गाड्या जादा. रेल्वेची विशेष गाडी म्हणजे त्याच रुळांवरून, नेहमीच्या गाड्यांना वाट देत देत, उशिरा पोचणारी गाडी; चाकरमानी तिला मनातल्या मनात वेगळंच विशेषण लावतात. तिचा नंबर शून्याने सुरू होतो. करोनाच्या काळात गंमत अशी झाली की सगळ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या विशेष झाल्या. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन, नंबर १२१२३, तीही ०२१२३ या नंबराने विशेष म्हणून धावली. डबे तेच, घाट तोच. जी राणी म्हणून नव्वद वर्षं मिरवली तिला विशेष करायला शेवटी एक शून्य लागलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेने गाड्यांना जुने नंबर परत द्यायचं जाहीर केलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी ही बातमी आनंदाने छापली : गाड्या पुन्हा नियमित होणार. विशेष असण्यातून सुटका झाल्याचा एवढा आनंद एरवी पाहायला मिळत नाही.

रेल्वेच्याच पदरात या शब्दाचा एक खरा दागिना आहे, हेही सांगायला हवं. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावली. अख्खी लोकल बायकांची. तिच्यात त्यांनी भाजी निवडली, भिशी लावली, डोहाळजेवणं केली, नवरात्रात त्या त्या रंगाच्या साड्या नेसून डबा सजवला. पण मुळात ती गाडी कशासाठी होती? कुणाचा धक्का न लागता उभं राहता यावं, एवढ्यासाठी. इथेही स्पेशलचा पदर उचलून पाहिला की आत साधंच निघतं, आणि ते इतकी वर्षं मिळत नव्हतं याचं आपल्याला काही वाटत नव्हतं.

उलटी रीत मला एकाच ठिकाणी सापडली, ती भौतिकशास्त्रात. आइन्स्टाइनने १९०५ साली मांडली ती स्पेशल रिलेटिव्हिटी आणि १९१५ साली पुरी केली ती जनरल. आपल्या अंगवळणी पडलेल्या हिशेबाने स्पेशल वरची वाटते. पण तिथे स्पेशल म्हणजे मर्यादित : एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्यांपुरती, गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवून. जनरलमध्ये सगळे आले, पडणारे, वळणारे, ग्रह, तारे, सगळे. दहा वर्षं राबून तो स्पेशलमधून जनरलमध्ये गेला आणि जगाने त्याचं कौतुक केलं. आमच्याकडे एखाद्याने हे रुग्णालयात करून दाखवावं. आणखी मौज म्हणजे १९०५ साली तिला स्पेशल कुणी म्हणत नव्हतं. जनरल आली तेव्हा पहिलीला वेगळं नाव द्यावं लागलं. शेजारी दुसरं कुणी बसेपर्यंत या विशेषणाला करायला कामच नसतं.

सरकार ते ओळखून आहे. आपल्या राज्यघटनेच्या एकविसाव्या भागाचं नाव ‘तात्पुरत्या, संक्रमणकालीन व विशेष तरतुदी’. विशेषला शेजार मिळाला तो तात्पुरत्याचा. महाराष्ट्र आणि गुजरातसाठीचं कलम ३७१ त्याच भागात राहतं. खालच्या मजल्यावर आपले विशेष कार्यकारी अधिकारी. गल्लीतल्या पक्ष-कार्यकर्त्याच्या दारावर एक दिवस ही पाटी लागते, खिशात रबरी शिक्का येतो, आणि दहावीच्या निकालानंतर गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घेऊन पोरं दाराशी उभी राहायची. स्वयंसाक्षांकन आल्यापासून ती गर्दी ओसरली. पाटी राहिली. मासिकवाल्यांचंही फार वेगळं नाही : काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला तेव्हा ते अपूर्वाईचं होतं, आता पर्यटन, मधुमेह, म्युच्युअल फंड असे विशेषांक बारा महिने निघतात आणि ज्या अंकाला काहीच विषय नाही त्याचंच नवल वाटतं.

एका जागी मात्र या शब्दाची थट्टा करवत नाही. ज्या शाळांच्या पाट्यांवर पूर्वी ‘मतिमंद’ लिहिलेलं असे तिथे आता ‘विशेष मुलांची शाळा’ असं लिहिलेलं असतं. जुन्या शब्दाला धार होती, ती गेली हे चांगलंच झालं. अशा एका शाळेच्या फाटकाशी बारा वाजता मुलाला न्यायला आलेल्या एका बाईंशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, “लोक म्हणतात विशेष आहे तुमचा. सोसायटीतल्या मुलांनी त्याला एकदा क्रिकेटमध्ये घ्यावं, शेवटचा गडी म्हणून का होईना.” २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सर्वसमावेशक शिक्षणाचं कलम आहे. सोसायटीच्या क्रिकेटचं नाही. तेवढ्यात मुलगा बाहेर आला, त्याने आईच्या हातात दप्तर दिलं आणि माझ्याकडे बोट दाखवून हा कोण म्हणून विचारलं. “विशेष कुणी नाही,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघेही हसलो.

बाजारात साध्याला स्पेशल म्हणून खपवतात हे एकदा मान्य केलं की घरातला उलटा व्यवहार लक्षात येतो. सुगरणीच्या तोंडून स्पेशल हा शब्द कधी येत नाही. आमच्या एका आत्याकडे जेवायला बोलावलं की ती दारातच बजावते, “काही विशेष केलेलं नाहीये हं, साधंच आहे.” पानात डावीकडे पंचामृत, खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर, कुरडई, उजवीकडे अळूची भाजी, दाणे आणि खोबऱ्याचे काप घातलेली, बटाट्याची भाजी, काजूंचा मसालेभात, वरणभातावर लिंबाची फोड आणि घरचं तूप, मग पुरणपोळी, इतकी तलम की उलथन्याखाली थांबत नाही. मी म्हटलं, “आत्या, याला साधं म्हणायचं?” ती म्हणाली, “अरे, कटाची आमटी राहिली ना करायची!” आणि माझा हात पानावर आडवा होण्याच्या आत दुसरी पोळी वाढून मोकळी झाली. “घे रे. स्पेशल थोडीच केलीय?”